नाशिकचे दोन चाप्टर

उज्वला आहेर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात राहिली असेल तर ती खुर्च्यांमुळे. कॉलेज रोडवरच्या एका क्लासच्या हॉलमध्ये 'तंत्रसखी'च्या नाशिक चॅप्टरची सभा नुकतीच संपली होती. 'नेतृत्व म्हणजे पुढाकार' या विषयावर भरपूर टाळ्या वाजल्या होत्या, आणि पुढाकार घेणाऱ्या साऱ्याजणी फोटोसाठी फळ्याकडे धावल्या होत्या. मागच्या बाजूला निळ्या पंजाबी ड्रेसातली एक ठेंगणी बाई प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होती. फरशीवर आवाज होऊ नये म्हणून प्रत्येक खुर्ची जरा उचलून घेत होती. "अगं, फोटोला ये ना!" कुणीतरी हाक मारली. "घ्या तुम्ही काढून, मी आलेच," ती म्हणाली आणि आली नाही.

प्रत्येक वर्गात अशी एक मुलगी असते. बाईंनी सांगायच्या आधी तिने फळा पुसलेला असतो, आणि वर्गाच्या फोटोत तिचा अर्धा कान तेवढा आलेला असतो.

उज्वलाचं माहेर निफाडचं, द्राक्षांतलं. सासर देवळ्याचं, कांद्यातलं. संसार मात्र नाशिकला, द्वारकेच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे हाक मारली तर ऐकू येणार नाही इतक्या हॉर्नच्या आवाजात. नवरा महेश तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. लग्नाआधी तिने कॉम्प्युटरची पदवी घेतली होती, वर्षभर नोकरीही केली होती. मग मुलगी झाली, मग सासऱ्यांचं आजारपण आलं, मग सासूबाई कुसाबाई कायमच्या नाशिकला राहायला आल्या, आणि या सगळ्यात दहा वर्षं कुठे गेली ते तिला कळलं नाही. नोकरीच्या मुलाखतीत मात्र समोरच्यांना ती दहा वर्षं बरोबर दिसायची. पडलेल्या दाताकडे बघावं तसे ते त्या जागेकडे बघायचे आणि विचारायचे, "मॅडम, या काळात आपण काय केलंत?"

"घरीच होते," उज्वला सांगायची. आणि मुलाखत तिथेच संपायची.

आता 'घरी होते' आणि 'घरीच होते' यात एका अक्षराचा फरक. पण त्या 'च'मध्ये दहा वर्षं गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायची ताकद आहे. हे तिला फार उशिरा कळलं, आणि तेही कुसाबाईंमुळे. पण ते पुढे येईल.

'तंत्रसखी' ही संगणकाच्या क्षेत्रातल्या बायकांनी एकमेकींना हात द्यावा म्हणून निघालेली संस्था. मुख्यालय बंगळुरूला, आणि गावोगाव तिचे चॅप्टर. नाशिकचा चॅप्टर योगिनी गायधनी यांनी सुरू केला. योगिनीताई पूर्वी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या. भाषणाची सुरुवात त्या "मी हे रोपटं लावलं तेव्हा" अशी करायच्या, आणि शेवटही रोपट्यापाशीच व्हायचा. त्यांच्या उजव्या हाताला पल्लवी बोरस्ते. तिची गंगापूर रोडला स्वतःची लहानशी कंपनी होती, आणि तिला 'बैठक' हा शब्द जुनाट वाटायचा. ती 'कनेक्ट' भरवायची.

दोघींबद्दल खरं ते सांगायला हवं. उज्वलाचा पहिला बायोडेटा योगिनीताईंनी स्वतः बसून लिहून दिला होता, आणि पावसात तिला गाडीने घरी सोडलं होतं. पल्लवीने आपला जुना लॅपटॉप तिला वापरायला दिला होता आणि परत कधी मागितला नव्हता. म्हणून उज्वला आपलीच आहे, अशी दोघींची खात्री होती. उज्वलाला बिचारीला वाटायचं की आपण दोघींच्या आहोत. संस्थेच्या राजकारणात याइतका मोठा गैरसमज दुसरा नाही.

ती सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकली. म्हणजे काय, ते कुसाबाईंना सांगताना ती म्हणाली, "आई, दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या."

"त्याला शिकावं लागतं व्हय?" कुसाबाई मेथी निवडत म्हणाल्या. "मी तर रोज करते."

कुसाबाईंचाही 'तंत्रसखी'शी संबंध होता, फक्त तो कुणाला ठाऊक नव्हता. उज्वला पहिल्यांदा सभेला गेली तेव्हा तिचा फोन बिघडला होता, म्हणून तिने घरातल्या दुसऱ्या फोनचा नंबर ग्रुपसाठी दिला. पुढे तो फोन कुसाबाईंकडे गेला. उज्वलाने आपला नंबर वेगळा घालून घेतला, पण जुना काढायचा राहिला. 'के. आहेर' या नावाने कुसाबाई त्या ग्रुपवर मुकाट्याने नांदत होत्या. अक्षर लावून वाचायचा त्यांना कंटाळा. पण कुणी काही पाठवलं आणि आपण ओ दिली नाही, हे त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं. म्हणून आलेल्या प्रत्येक निरोपाखाली त्या हात जोडायच्या. क्लाऊडवरच्या व्याख्यानाला हात जोडायच्या, नोकरीच्या जाहिरातीला जोडायच्या, आणि "कोणाचं चार्जर राहिलंय?" यालाही जोडायच्या. बाकीच्या बायकांची समजूत झाली होती की या कुणीतरी फार मोठ्या कंपनीतल्या, मितभाषी, ज्येष्ठ बाई असाव्यात. "आपल्या आहेरमॅडमसारखी नम्रता शिकण्यासारखी आहे," असं योगिनीताई एकदा जाहीरपणे म्हणाल्याही होत्या.

"तुमचं ते चाप्टर काय असतं गं?" कुसाबाईंनी एकदा विचारलं.

"चॅप्टर, आई. म्हणजे शाखा."

"आमच्याकडं चाप्टर म्हंजी लय बेरकी माणूस. देवळ्याच्या बाजारात एक दलाल होता, बोलाबोलात कांदा घेऊन जायचा. समदे म्हनायचे, लय चाप्टर हाय."

तेव्हापासून घरात तोच शब्द रुळला. महेश रोज विचारायचा, "काय म्हणतात तुमच्या चाप्टर?"

उज्वलाचं भाषण ठरलं होतं डिसेंबरात. विषय तिनेच दिला होता: दहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कामाकडे. त्यात एक आशेची गोष्ट होती. अंबडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या टेस्टिंगच्या प्रमुख मॅडमना असा खंड पडलेल्या बायकांना कामावर घ्यायचं होतं, आणि त्या भाषण ऐकायला येणार होत्या. मुलाखतीत जे कधीच सांगता आलं नाही ते एकदा उभं राहून, न घाबरता सांगायचं, आणि ते ऐकायला नेमकी ऐकणारी बाई समोर असणार. उज्वला पोळ्या लाटता लाटता भाषण म्हणायची आणि कुसाबाई तव्यापाशी बसून ऐकायच्या.

"'घरीच होते' असं नको म्हनू," एके दिवशी त्यांनी अडवलं. "घरीच म्हनलं की वाटतं बाई आजारी व्हती. तू काय आजारी व्हती? सासऱ्याचं समदं तू केलंस. घरी होते, असं म्हन. च नको लावू."

उज्वला लाटणं हातात धरून थांबली. इतक्या मुलाखती देऊन जे सापडलं नव्हतं ते त्या वाक्यात होतं. तिने 'च' काढला. पण जिभेला लागलेली सवय, दर वेळी तो परत यायचा आणि दर वेळी कुसाबाई पोळी उलटता उलटता म्हणायच्या, "च!"

डिसेंबरात पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि उज्वलाचं पुढे गेलं. जानेवारीत हळदीकुंकू होतं. आधुनिक बायकांचं असल्यामुळे वाण म्हणून मोबाइल ठेवायचे स्टँड वाटले गेले. त्या स्टँडवर 'योगिनी गायधनी यांच्या सौजन्याने' असं छापलं होतं. तिथे ठिणगी पडली. कारण त्याच आठवड्यात मुख्यालयाचा निरोप आला होता की चॅप्टरची प्रमुख दर दोन वर्षांनी बदलावी, आणि योगिनीताईंना त्या खुर्चीवर बसून दोन वर्षं होऊन बराच काळ लोटला होता.

"मी हे रोपटं लावलं," योगिनीताई म्हणाल्या.

"ताई, रोपट्याचा आता वड झालाय," पल्लवी गोड आवाजात म्हणाली. "आणि वडाखाली दुसरं काही उगवत नाही."

"वडाला सूत गुंडाळायला येताना बरं चालतं!"

"मी नाही गुंडाळत, ताई. माझ्या घरी रोबोट आहे, तो गुंडाळतो."

सगळ्या हसल्या, आणि योगिनीताईंनी कुणाकुणाच्या हसण्याचा आवाज आला ते मनात टिपून ठेवलं. तडजोड म्हणून त्यांनी स्वतःसाठी 'संस्थापक मार्गदर्शक' असं एक पद निर्माण केलं. या पदाला मुदत नव्हती, काम नव्हतं, पण व्यासपीठावर मधली खुर्ची होती. पल्लवी म्हणाली, मधली खुर्ची प्रमुखाची, म्हणजे आता माझी. फेब्रुवारीत खुर्चीवरच्या चर्चेत उज्वलाचं भाषण पुन्हा पुढे गेलं. ज्या खुर्च्यांवरून हे सगळं चाललं होतं त्या सभा संपल्यावर उचलायला नेहमीप्रमाणे उज्वलाच होती.

मग पल्लवीने वेगळं चॅप्टर जाहीर केलं: 'तंत्रसखी गोदा'. योगिनीताईंनी त्याच दुपारी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव बदलून 'तंत्रसखी नाशिक (मूळ)' केलं आणि खाली ओळ घातली: 'आमची इतरत्र कुठेही शाखा नाही'. नाशिककरांना ही ओळ मिसळीच्या दुकानांवर वाचायची सवय आहे. संगणकशास्त्रात ती प्रथमच आली. पल्लवीही त्या ग्रुपची अ‍ॅडमिन होती. तिने नाव परत बदललं. योगिनीताईंनी पुन्हा बदललं. ज्या बायकांनी एकमेकींना हात द्यायचा होता त्यांचे हात असे दिवसभर एकाच पाटीवर चालू राहिले.

"या ग्रुपाचं नाव सारखं सारखं काय बदलतंय?" कुसाबाईंनी विचारलं. "परत परत लगीन लावतात का काय त्याचं?" आणि दोन्ही नावांखाली त्यांनी हात जोडले. योगिनीताईंनी आहेरमॅडमना आपल्या बाजूला मोजलं. पल्लवीनेही.

आठ मार्चला, महिला दिनाला, दोघींनी एकाच वेळी दोन ठिकाणी कार्यक्रम ठेवले. दोन्हीकडे उज्वलाचं भाषण होतं, आणि अंबडच्या मॅडमना दोन्हीकडची आमंत्रणं होती. मुख्यालयाने हात टेकले. बंगळुरूच्या बाईंनी उज्वलाला फोन करून सांगितलं की तू कुणाच्याच बाजूची नाहीस, तेव्हा दोन्ही कार्यक्रमांची एक साधी सूचना मराठीत तूच घाल. उज्वलाला वाटलं, चला, यातून तरी भांडण मिटेल.

ती कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत होती. हात पिठाचे होते म्हणून तिने सूचना फोनला बोलून सांगितली. आणि इथे व्याकरणाने घात केला. 'चॅप्टर' या शब्दाचं मराठीत लिंग अजून ठरलेलं नाही. कुणी 'तो' म्हणतं, कुणी 'ते'. उज्वलाच्या मनात 'शाखा' होती, म्हणून तिने स्त्रीलिंगी केलं. उच्चार मात्र घरातला झाला. फोनने तो आज्ञाधारकपणे लिहून घेतला, आणि ग्रुपवर सूचना गेली:

'नमस्कार सख्यांनो. नाशिकला आता दोन चाप्टर आहेत. एक कॉलेज रोडला भेटेल, दुसरी गंगापूर रोडला. दोघी आपल्याच आहेत. जी सोयीची वाटेल तिच्याकडे जावे.'

कुणीतरी एक हसरा चेहरा टाकला. मग दुसरा. मग एकीने लिहिलं, 'दोनच? मला वाटलं जास्त असतील.' आणि या सगळ्याखाली आहेरमॅडमनी शांतपणे हात जोडले.

पहिला फोन योगिनीताईंचा. "उज्वला, तुझा बायोडेटा मी लिहिला, आणि तू मला चाप्टर म्हणतेस?"

"नाही हो ताई, तुम्हाला नाही..."

"मग? पल्लवीला म्हणालीस?"

"नाही, म्हणजे दोघींना... म्हणजे दोघींनाही नाही!"

"आणि आहेरमॅडमसारख्या बाईंनी त्याला संमती दिली! कळलं मला माझं स्थान. तू आठ तारखेला यायची गरज नाही."

पल्लवीने फोन केला नाही, आवाज पाठवला. "उज्वला, हे खूप अनप्रोफेशनल होतं. तुझं सेशन आपण होल्डवर ठेवतोय. टेक केअर." तिचं 'टेक केअर' ऐकून माणूस आजारी पडावा.

त्याच संध्याकाळी योगिनीताईंनी लिहिलं, 'ज्यांना या रोपट्याची चाड असेल त्यांनी माझ्यामागे यावे,' आणि ग्रुप सोडला. पल्लवीला वाटलं, मैदान मोकळं झालं. पण मैदानात नुसतं हसणं चालू होतं, आणि आता जिला हसायचं अशी ती एकटीच उरली होती. तिनेही 'जड अंतःकरणाने' ग्रुप सोडला. निषेध म्हणून वर्गाबाहेर गेलेली मुलं मागे वळून बघतात आणि आपल्यामागे कुणीच आलेलं नसतं, तसं झालं. जायचं होतं सगळ्यांनाच, पण आधी पुढे काय होतं ते बघून मग.

दोन्ही अ‍ॅडमिन गेल्यावर ग्रुप वाऱ्यावर सोडत नाहीत. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांतून कुणालातरी आपणहून अ‍ॅडमिन करतं. त्या यंत्राने चिठ्ठी काढली.

उज्वला ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. रडत नव्हती, पण कणीक गरजेपेक्षा फार जास्त मळली जात होती. बाहेरच्या खोलीतून कुसाबाईंचा आवाज आला. गोंधळल्या की त्या सरळ अहिराणीत जायच्या. "हाई काय शे? उज्वला, बघ गं, फोनला काय झालं?"

महेशने फोन घेऊन पाहिला. दोनदा पाहिला. "आई, तू अ‍ॅडमिन झालीस."

"म्हंजी?"

"म्हणजे आता नाशिकची चाप्टर तू."

"ते तर मी आधीपासून हाय," कुसाबाई म्हणाल्या. "मंग हिचं भाषन कवा?"

"आता नाही होणार, आई," उज्वला दारात येऊन म्हणाली. "दोघींनी नको म्हटलंय."

"त्या दोघी तर गेल्या. बाकीच्या बाया हायेत ना ग्रुपात?"

"आहेत."

"मंग?"

कुसाबाईंनी फोन तोंडाशी धरला, बटण दाबलं, आणि नाशिकच्या संगणक क्षेत्राला उद्देशून बोलल्या.

"राम राम बायांनो. मी कुसाबाई बोलते, देवळ्याची. उज्वलाची सासू. तुमी समद्या चांगलं चांगलं पाठवता, मी हात जोडते. त्या दोघींना चाप्टर कोनी म्हनलं नाय, ती शाखंची गोष्ट व्हती, पोरीला बोलता नाय आलं नीट. तिनं भाषन पाठ केलंय. डिसेंबरपासनं मी एकटी ऐकतेय, आता तुमी बी ऐका. आठ तारखेला अकराला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगात या, द्वारकेच्या मागं काठे गल्लीत. चहा हाय. त्या दोघींना बी सांगा. रुसून बसू नका म्हनावं, बाईनं रुसलं की च्या गार होतो."

ही ध्वनिफीत त्या रात्रीत नाशिकभर फिरली. के. आहेर म्हणजे कोण, हे कळल्यावर कित्येकींनी आपण गेल्या वर्षभरात त्यांना खासगीत काय काय सल्ले विचारले होते ते आठवून पाहिलं. सगळ्यांना उत्तर एकच आलं होतं, जोडलेले हात. आणि बऱ्याचजणींना त्याचा उपयोगही झाला होता.

आठ मार्चला कॉलेज रोडच्या हॉलमध्ये योगिनीताईंचा मोठा फोटो असलेला फ्लेक्स होता, गंगापूर रोडला चेहरा उजळणारा गोल दिवा होता, आणि काठे गल्लीच्या पार्किंगात बायका होत्या. खुर्च्या संपल्यावर त्या स्कूटरच्या सीटवर बसल्या. अंबडच्या मॅडम राहायला नाशिकरोडला; कॉलेज रोड की गंगापूर रोड हे न ठरवताच निघाल्या होत्या आणि द्वारकेच्या चौकात अडकल्या. तिथे रिक्षात बसल्या बसल्या त्यांना कुणीतरी पाठवलेली ती ध्वनिफीत आठवली. गाडी हलत नव्हतीच, म्हणून उतरून चालत आल्या. सगळं शहर ज्याला शिव्या घालतं त्या चौकाने पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं केलं.

उज्वला उभी राहिली. समोर बायका बघून ती घाईघाईने सुरू झाली.

"मी दहा वर्षं घरीच..."

"च!" पहिल्या खुर्चीतून कुसाबाई ओरडल्या.

पार्किंग हसण्याने भरून गेलं. उज्वलाही हसली, आणि हसता हसता तिची भीती गेली. "मी दहा वर्षं घरी होते," ती म्हणाली. "काय करत होते, ते सांगते." आणि तिने सांगितलं. सासऱ्यांच्या औषधांच्या वेळा, मुलीची शाळा, आणि कोणत्या कामात कुठे चूक होईल हे ती होण्याआधी ओळखायची लागलेली सवय. भाषण पाठ केलेल्यापेक्षा थोडं वेगळं झालं आणि जरा बरं झालं. अंबडच्या मॅडमनी काही वचन दिलं नाही. चहा घेतला, फोन नंबर घेतला आणि परीक्षेला बोलावलं. पहिल्या वेळी ती इंग्रजीत अडखळली. त्यांनी दुसऱ्यांदा बोलावलं.

नाशिकला आता तीन चॅप्टर आहेत. 'गोदा'मधून 'इंदिरानगर' फुटला. योगिनीताईंनी उज्वलाला अंबडला नोकरी लागल्याचं कळताच स्वतः येऊन पेढे दिले. खरंच आनंद झाला होता त्यांना. डोळे ओले होते. जाताना "हे रोपटं..." असं काहीतरी म्हणाल्याही. पल्लवीने तिच्या यशावर एक मोठी पोस्ट लिहिली. तिन्ही चॅप्टरच्या फलकांवर उज्वलाचा फोटो आहे, 'आमची सदस्य' म्हणून, आणि तिन्हींत दोन्ही कान आलेत. जुन्या ग्रुपची अ‍ॅडमिन अजून कुसाबाईच आहेत. ते पद परत द्यावं म्हणून दोन बाजूंनी निरोप येतात. कुसाबाई त्यांना हात जोडतात.

उज्वला रोज सकाळी द्वारकेहून अंबडच्या बसने कामावर जाते. डबा कुसाबाई भरतात.